घडीच्या आतली ओळ

घडीकाकांना बसवत नव्हतं.

कंटाळा म्हणावा तर तो नव्हता. खुर्चीला पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आतून कुणीतरी ढोसायला लागायचं, ऊठ, ऊठ, आणि उठल्याशिवाय ते थांबायचं नाही. उठलं की चालायचं. स्वयंपाकघराच्या दारापासून पुढच्या खिडकीपर्यंत चौदा पावलं, खिडकीशी वळायचं, पुन्हा चौदा. तीन आठवडे हेच चाललं होतं. घरातल्या घरात चालून चपलेचा अंगठा तुटला होता.

"बाबा, बसा की हो जरा," लेक म्हणाली.

"बसतो."

"बसतो म्हणताय आणि चालताय."

"एवढी एक खिडकी करून येतो, मग बसतो."

हे बोलून त्यांचं त्यांनाच हसू आलं. लेक हसली नाही. आई गेल्यापासून ती रोज कामावरून सुटली की इकडं यायची. या आठवड्यात तर रजा टाकून मुक्कामालाच आली होती. मांडीवर डॉक्टरांची फाईल होती, आणि तीच ती पुन्हा पुन्हा उघडून बघत होती.

"परवा शुक्रवार," ती म्हणाली. "बॅग भरून ठेवते."

"बॅग कशाला? डॉक्टरकडं जायचंय, गावाला नाही."

"मागच्या वेळी सांगितलंय ना त्यांनी. फरक नसेल तर दोन आठवडे दवाखान्यात ठेवून घेऊ. गोळी वाढवतील. आणि आणखी एक सुरू करतील, ती..." लेक अडखळली. "ती तुमच्या डोक्यात जे येतं ना, त्याच्यासाठी."

"माझ्या डोक्यात काय येतं?"

लेकीनं फाईल मिटली आणि ती पाणी प्यायला उठली. तहान लागली नव्हती, हे काकांना दिसलं.

घडीकाका हे छापखान्यानं दिलेलं नाव. औषधांच्या खोक्यात जो पातळ, लांबलचक कागद असतो, गोळी कशी घ्यायची, कुणी घेऊ नये, काय त्रास होऊ शकतो असलं सगळं लिहिलेला, त्या पत्रकाची घडी घालणाऱ्या मशीनवर त्यांची चोवीस वर्षं गेली होती. टॉवेलाएवढा कागद मशीन गिळायचं आणि काडेपेटीएवढा करून बाहेर टाकायचं. या चोवीस वर्षांत त्यांनी एकही पत्रक वाचलं नव्हतं. वाचायचं नसतंच. कडेला काळ्या रेघांचा पट्टा असतो, तो बघायचा. रेघा बरोबर तर पत्रक बरोबर. वाचायला लागलं तर मशीन तुंबतं.

वाचायची ती त्यांची बायको. खराब झालेली शीटं काका घरी आणायचे, तेव्हा कुणी विचारत नसे. ती फळ्यांवर अंथरायची आणि डबे पुसता पुसता वाचत बसायची. "अहो, हे घेऊन म्हणे केस गळतात," असं ओरडून सांगायची. "आणि आजार काय, तर डोकं दुखतंय. डोकं राहिलं, केस गेले." काका म्हणायचे, "तुला रेघा बघता येतात का? मग गप्प बस."

ती तापानं गेली. अकरा दिवसांत. काही कळायच्या आत.

ती गेल्यावर आठव्या दिवशी काका कामावर हजर झाले. घरात करायचं काय? दोन आठवडे ठीक गेले. मग एका दुपारी मशीन चालू असताना ते नुसते उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात बटणावर होता, आणि बटण काही दाबलं जात नव्हतं. सहाशे पत्रकं चुरगळून अडकली. फोरमन धावत आला, त्यानं मशीन बंद केलं आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला. फोरमन बरा माणूस होता. पण कागद कापायच्या सुरीशेजारी असा माणूस उभा करायचा म्हणजे जोखीम, म्हणून ऑफिसनं सांगितलं, मनाच्या डॉक्टरांकडं जा, कामाला योग्य असल्याचा दाखला आणा.

डॉक्टरीणबाई वागायला चांगल्या होत्या. दमलेल्या होत्या. बाहेर चाळीसेक माणसं बसलेली, आणि त्यांच्यामधून चाकांची बॅग ओढत औषध कंपनीचा एक गुळगुळीत माणूस नंबर न लावता आत जायचा आणि हसत बाहेर यायचा. बाईंच्या टेबलावर त्यानं दिलेलं कॅलेंडर, त्यानं दिलेलं पेन, त्यानं दिलेला प्लॅस्टिकचा मेंदू. मेंदूचे चार तुकडे निघायचे. टेबल पुढून फळी मारून बंद केलेलं. बसलेल्या माणसाचा छातीवरचा भाग तेवढा बाईंना दिसायचा.

त्यांनी एक फॉर्म दिला. नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा वाटलं? झोप लागत नाही. जवळजवळ रोज. कशात रस वाटत नाही. जवळजवळ रोज. आपण घरच्या माणसांना कमी पडलो असं वाटतं. इथं काका जरा थांबले. मग तिथंही खूण केली, जवळजवळ रोज.

"एकोणीस," बाई बेरीज करून म्हणाल्या. "मध्यम ते तीव्र. घाबरू नका. मेंदूत एक रसायन कमी पडतं, ते भरून काढायचं. मधुमेहाला नाही का आपण औषध घेत?"

"माझी बायको वारली," काका म्हणाले. त्यांना वाटलं, हे सांगायचं राहिलं असेल.

"हो, ते मी लिहिलंय," बाई म्हणाल्या.

गोळीचं खोकं घरी उघडलं तेव्हा आतून काडेपेटीएवढी घडी निघाली. काकांनी सवयीनं रेघा बघितल्या. बरोबर होत्या. घडी परत खोक्यात टाकली. दहाव्या दिवशी पाय सुरू झाले.

दुसऱ्या भेटीत त्यांनी सांगितलं, "बाई, मला बसवत नाही." बाईंनी लिहिलं, बेचैनी वाढली आहे. पुन्हा तोच फॉर्म, तेच नऊ प्रश्न. आकडा चोवीस झाला. फॉर्म परत देताना काकांचं बोट कागदाच्या खालच्या कडेवरून फिरलं, आणि डाव्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर एक बारीकसा दाता लागला. छापखान्याच्या कापायच्या सुरीला गेल्या वर्षी तिथंच खोक पडली होती. त्यांना बरं वाटलं, परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसं.

"हा फॉर्म आमच्याकडचाच," ते म्हणाले. "तुमच्या गोळीचं पत्रकही आमच्याकडचंच."

"हो का?" बाई हसल्या, आणि त्यांनी काहीतरी लिहिलं. गोळी दुप्पट झाली.

आता बुधवारची दुपार होती आणि काका खिडकीपासून दाराकडं येत होते.

"वाच," ते म्हणाले. "त्यांनी काय लिहिलंय ते वाच. मला कळू दे माझ्या डोक्यात काय येतं."

"बाबा, राहू द्या ना."

"वाच म्हणतो ना."

लेकीनं वाचलं. आवाज सपाट ठेवून वाचलं. "रुग्णास असे वाटते की प्रश्नावली त्याच्याच कारखान्यात तयार होते. संशय. लक्ष ठेवणे."

काका पहिल्यांदा थांबले. पाय थांबले नाहीत, ते जागच्या जागी हलत राहिले, पण काका थांबले.

"अगं, पण ती खरंच आमच्याकडं तयार होते."

"हो, बाबा."

"हो बाबा काय? मी सांगतोय, खालच्या कडेला खोक आहे, आमच्या सुरीची."

"हो. मला कळतंय." आणि लेकीनं त्यांच्याकडं नजर टाकली. आजारी माणसाशी बोलतात तसं ती बोलत होती. भांडत नव्हती. लहानपणापासून शब्दाला शब्द देणारी ही पोर, आणि आज हो ला हो करत होती.

ते स्वयंपाकघरात गेले. तिथं चालायला जागा नव्हती, म्हणून हातांना काम दिलं. वरच्या फळीवरचे डबे एकेक करून खाली काढायला लागले. साखर, चहा, मीठ. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. फळी रिकामी झाली आणि खाली अंथरलेला कागद दिसला, पिवळा पडलेला, डब्यांच्या बुडांची गोल गोल वर्तुळं उमटलेला. त्यांनी सवयीनं कडेच्या रेघा बघितल्या.

रेघा ओळखीच्या होत्या. त्यांच्या गोळीच्याच होत्या, पण शेवटची एक रेघ जाड हवी ती बारीक होती. म्हणजे जुनी आवृत्ती. सहा वर्षांपूर्वीची. नवी आली तेव्हाचा दिवस त्यांना आठवला. जुन्याचं एकही शीट बाहेर राहता कामा नये म्हणून फोरमन घसा फोडत फिरत होता, आणि त्या दिवसापासूनच छापील रद्दी घरी न्यायला बंदी आली होती.

बाकीचं पत्रक बारीक अक्षरात होतं. मधोमध एक काळी चौकट होती, ठळक अक्षरांची. मिठाच्या डब्याचं वर्तुळ नेमकं तिच्याभोवती पडलं होतं. बायकोनं ती नक्कीच वाचली असणार. काका पहिल्यांदाच वाचत होते.

*काही रुग्णांना एका जागी बसणे किंवा उभे राहणे अशक्य होते. पाय सतत हलवावेसे वाटतात. आतून तगमग होते. हा परिणाम औषधाचा असतो, आजाराचा नव्हे. अशा वेळी मात्रा वाढवू नये. डॉक्टरांना त्वरित सांगावे.*

त्यांनी ते तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळा अक्षरंच हलत होती.

"इकडं ये," त्यांनी हाक मारली. "आणि खोक्यातलं पत्रक आण. फाईलमधला फॉर्मही आण."

लेक आली. खाली मांडलेले डबे बघून तिचा चेहरा आणखी पडला. काकांनी तिच्या हातातली घडी घेतली आणि अशी एका झटक्यात उलगडली की ती बघतच राहिली. घडीवर घडी असलेल्या त्या कागदात कुठं काय असतं, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. माणूस पहिली घडी उघडतो, फार तर दुसरी. नवव्या घडीच्या आत बघायला कुणी जात नाही. ते थेट नववीच्या आत गेले. तिथं, तोंडाला कोरड पडणे आणि पोट साफ न होणे यांच्या मधोमध, मुंगीच्या अक्षरात, एक ओळ होती.

*क्वचित अस्वस्थता. ती मूळ आजारामुळेही असू शकते.*

"आता हे वाच," ते म्हणाले, आणि फळीकडं बोट केलं.

लेकीनं फळीवरचं वाचलं. मग हातातलं वाचलं. मग पुन्हा फळीवरचं.  तिनं वाकून त्यांच्या पायांकडं बघितलं.

"आणि ते फॉर्मचं?" तिनं हळूच विचारलं.

काकांनी खिळ्याला अडकवलेली चिठ्ठ्यांची वही काढली. छापखान्यातल्या कोऱ्या तुकड्यांची त्यांनीच शिवून दिलेली. वरच्या पानावर बायकोच्या अक्षरात शेवटची यादी होती. मीठ, साबण, काडेपेटी, ह्यांच्या चपलेला टाका. ते पान त्यांनी फाडलं नव्हतं आणि आताही फाडलं नाही. वही तशीच फॉर्मवर ठेवली, खालची कड खालच्या कडेला लावून. डाव्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर दात्यावर दाता बसला.

लेकीनं त्यावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती मटकन खाली डब्यांमध्ये बसली.

"मी तुमची बॅग भरत होते हो, बाबा."

"भर की," काका म्हणाले. "शुक्रवारी बॅग न्यायचीच आहे. हा कागद घडी न घालता न्यायचाय."

शुक्रवारी बाहेर तीच गर्दी होती. काका उभेच राहिले. गुळगुळीत माणूस बॅग ओढत आला, नंबर न लावता आत गेला, हसत बाहेर आला. लेक त्याच्याकडं अशी बघत होती की त्याची बॅग दाराला आपटली.

बाईंनी जुनं शीट टेबलावर पसरू दिलं. मेंदू बाजूला सरकवावा लागला. त्यांनी चौकट वाचली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काका, हा कागद जुना आहे. नंतर माहिती सुधारली. हा त्रास फार कमी लोकांना होतो, आता असं..."

"कोण म्हणतं असं?" लेकीनं विचारलं.

 बाईंची नजर नकळत दाराकडं गेली.

"कागद जुना आहे खरा," काका म्हणाले. "पायही जुनेच आहेत. बाई, एकदा टेबलाच्या या बाजूला या."

"कशाला?"

"या तर खरं. मी बसतो. तुम्ही घड्याळ लावून एक मिनिट बघा."

काका खुर्चीवर बसले. बाई उठून अलीकडं आल्या. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांनी या माणसाला छातीच्या खाली बघितलं. गुडघे वरखाली होत होते. टाचा जमिनीवर आपटत होत्या. काकांनी दोन्ही हातांनी मांड्या दाबून धरल्या होत्या, तरी हातांसकट हलत होत्या. कपाळावर घाम आला. वीस सेकंदांत ते ताडकन उठले.

"नाही जमत. एवढंच जमतं."

 मग बाईंनी विचारलं, "हे कधीपासून?"

"गोळीच्या दहाव्या दिवसापासून. मी सांगितलं होतं. बसवत नाही म्हणालो होतो."

बाई आपल्या जागी गेल्या, फाईल उघडली, आपलंच अक्षर वाचलं. बराच वेळ वाचत राहिल्या. लेकीनं यादीची वही पुढं केली आणि खोक दाखवली. बाईंनी बोट फिरवलं. मग संशयाच्या त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि शेजारी सही केली. माफी मागितली नाही. पण पेन टेबलावर ठेवताना त्यावरचं कंपनीचं नाव खालच्या बाजूला जाईल असं ठेवलं.

"एकदम बंद करू नका," त्या म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज वेगळा होता. "ते वाईट. हळूहळू उतरवू. दर आठवड्याला मी बघणार. पायांसकट बघणार." मग शीटाकडं बोट करून म्हणाल्या, "हे मला वरती, औषध खात्याला कळवावं लागेल. कुठून मिळालं, लिहू?"

लेकीनं काकांच्या बाहीला हात लावला. रद्दी घरी नेणाऱ्याची नोकरी जाते, हे तिला ठाऊक होतं. काका खिडकीपर्यंत चालत गेले. इथं सहाच पावलं होती. परत आले.

"लिहा," ते म्हणाले. "घडी घालणाऱ्याच्या घरून मिळालं म्हणून लिहा."

"कागद ठेवून घेऊ?"

"तो नको. फोटो काढा. फळी उघडी पडलीय."

ऑफिसच्या दाखल्यावर आजाराचं नाव असा रकाना होता. बाईंचं पेन तिथं बराच वेळ अडलं. मग त्यांनी लिहिलं, पत्नीचे निधन. सहा आठवडे रजा.

तीन दिवसांनी फोरमन घरी आला. "घडीकाका, आजाराच्या रकान्यात हे काय? ऑफिसवाले म्हणतात, कम्प्युटर घेत नाही."

"कम्प्युटरची बायको मेली नसेल."

फोरमन हसला, मग एकदम गंभीर झाला, आणि चहाचा कप हातात फिरवत राहिला. "दुसरंही आहे. वरून चौकशी आलीय. जुनं शीट कुणाकडं सापडलं म्हणून."

"माझ्याकडं. लपवत नाही."

"लपवू नका, पण आपण होऊन धावतही जाऊ नका. माझ्या बायकोनं कपाटाचे चार खण त्याच शीटांनी भरलेत. तुमचं नाव घ्यायचं तर त्याआधी माझं घ्यावं लागेल, आणि चौकशी मीच करतोय." तो उठला. दाराशी जाऊन परत वळला. "मीही वाचलं हो काल रात्री. चोवीस वर्षं आपण काय करत होतो?"

"रेघा बघत होतो," काका म्हणाले.

पाय एकदम थांबले नाहीत. गोळी उतरत गेली तशी चौदा पावलांची फेरी दिवसातून कमी वेळा व्हायला लागली. एखादा दिवस पुन्हा वाईट जायचा. लेक कामावर जायला लागली, पण संध्याकाळी यायचीच.

पाचव्या आठवड्यातल्या एका दुपारी ती लवकर आली. पुढच्या खोलीत कुणी चालत नव्हतं. ती घाबरून आत गेली. काका स्वयंपाकघरात तिच्या आईच्या स्टुलावर बसले होते. समोर चहा, वर साय धरलेली. पाय जमिनीवर शांत टेकलेले. आणि ते रडत होते, मोठ्यानं, लाज न बाळगता, एखादं पोर रडावं तसे.

लेकीचा हात पर्समधल्या फोनकडं गेला. डॉक्टरांचा नंबर वरच होता. तिनं त्यांच्या पायांकडं बघितलं. मग पर्स ओट्यावर ठेवली, दुसरं स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली.

"त्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता," जरा वेळानं काका म्हणाले. "घरच्यांना कमी पडलो असं वाटतं का. मी हो म्हणालो. कुणी विचारलं नाही, का."

"का?"

"चौथ्या दिवशी ती म्हणाली होती, आज जायलाच पाहिजे का? मी म्हणालो, नवी बॅच लागलीय." त्यांनी नाक पुसलं. "संध्याकाळी आलो तर ती मला ओळखत नव्हती."

तुमचा काय दोष, असं लेकीच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं तसंच परत गिळलं. आई चौथ्या दिवशीच त्यांना ओळखेनाशी झाली होती, हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं.

"मला सगळं सांगा," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. मला वेळ आहे."

काकांनी थंड चहाचा कप बाजूला सरकवला आणि स्टुलावर नीट टेकून बसले.

"पहिल्या दिवशी तर ताप नव्हताच," ते म्हणाले. "फळीवरचा हा कागद पुसत होती. म्हणाली, अहो, हे घेऊन म्हणे माणसाला बसवत नाही..."